चार लाखांच्या आत

पहिल्या पदवीच्या वेळी पैशाचा प्रश्न माझ्यापर्यंत आलाच नव्हता. बी.कॉम.ची फी बाबांनी आंब्याच्या पैशातून भरली, एसटीचा पास होता, डबा घरचा होता. दुसऱ्या पदवीचा विचार सुरू झाला तेव्हा मी ३२ वर्षांची होते. लग्न झालेलं, मुलगी पहिलीत, नवरा बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात, आणि मी देवगडात एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात दस्त टाईप करून महिना ९,५०० रुपये मिळवणारी. खरेदीखतं, हक्कसोडपत्रं, बक्षीसपत्रं, कुलमुखत्यारपत्रं इतकी टाईप केली होती की चतुःसीमा चुकलेली मला सरांच्या आधी दिसायची. सरच एकदा म्हणाले, "तू नुसती टाईप काय करतेस? एलएल.बी. कर. वयाची अट नाही, पदवीला ४५ टक्के असले की झालं."

टक्के होते. पैसे नव्हते.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी विळीवरून मान वर न करता विचारलं, "आता ह्या वयार कॉलेजात जातलंस? आणि पैशे खंयसून हाडतलंस?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतःच दोन दिवसांत देऊन टाकलं. मुलगी त्या सांभाळणार होत्या. दुसऱ्या प्रश्नाला मात्र पुढची चार वर्षं गेली.

हिशेब मांडला तेव्हा कळलं की यात फी हा सगळ्यात लहान आकडा आहे. माझ्या कॉलेजची फी सगळं धरून वर्षाला ४८,००० होती. कॉलेज रत्नागिरी जिल्ह्यात, रोज जाऊन येण्यासारखं नाही, म्हणजे खोली आणि जेवण आलं. आणि सगळ्यात मोठी रक्कम कुठल्याच फॉर्मवर येत नाही ती: महिन्याचे बुडणारे ९,५००. अठराव्या वर्षी शिकणाऱ्याचा पगार बुडत नाही, त्यामुळे कर्जाच्या किंवा शिष्यवृत्तीच्या कुठल्याही योजनेत त्यासाठी रकाना नाही. बँक फी देते, खोलीचं भाडं देते, लॅपटॉपलाही देते. मुलीच्या शाळेचा गणवेश त्यात बसत नाही.

त्यात वर्ष २०२१ चं. मेच्या मध्याला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. शेवटच्या तोडीचा आंबा झाडावरच होता, तो एका रात्रीत खाली आला. बाबांची चार मोठी कलमं मुळासकट आडवी झाली. आमच्याकडे पैसा मार्च ते मे एवढाच येतो आणि पाऊस लागायच्या आधी वाटून संपतो: सोसायटीचं पीककर्ज, खतवाला, फवारणीची उधारी, पेट्यांचे पैसे. त्या वर्षी वाटायलाच काही नव्हतं. करोनामुळे सीईटी, म्हणजे एलएल.बी.ची प्रवेश परीक्षा, ऑक्टोबरवर गेली ती एका परीने बरीच झाली, तेवढे महिने मिळाले.

आधी फुकटचे पैसे शोधले. तसेच शोधावेत, पण त्यात फार गुंतू नये असं माझं मत झालंय. महाडीबीटीवरची, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची, फी सवलत कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून प्रवेश घेणाऱ्यांना. माझा नंबर कॅपनंतर रिकाम्या राहिलेल्या जागांवर, संस्थास्तरीय फेरीत लागला, म्हणजे तो दरवाजा बंद. आम्ही ओबीसीत. इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, १० लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज ते परत देतात. वाचताना जीव हरखला. खाली वयोमर्यादा होती १७ ते ३०. केंद्र सरकारची व्याज सवलत योजना कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असलेल्यांसाठी आहे, त्यात आम्ही आरामात होतो. पण ती सवलत एकदाच मिळते, आणि तीही पहिल्या पदवीला किंवा पदव्युत्तर शिक्षणाला. एलएल.बी. पदवीनंतरची खरी, पण पदव्युत्तर नव्हे, आणि माझी पहिलीही नव्हे. बँकेतल्या बाईंनी दोन्ही खणांवर पेन फिरवून मला ते शांतपणे दाखवलं. पहिल्या पदवीला मी सरकारचा एक रुपया घेतला नव्हता, हे सांगायला फॉर्मवर जागा नव्हती.

मिळालं ते मुंबईच्या आमच्या ज्ञातिमंडळाकडून. ५,००० रुपये, शाल आणि प्रशस्तिपत्र. समारंभ दादरला. दहावी-बारावीला ९० टक्क्यांच्या वर मिळवलेल्या मुलांच्या रांगेत मी बसलेले, मांडीवर मुलगी. सूत्रसंचालन करणाऱ्या काकांनी माझं नाव वाचलं आणि पाल्य म्हणून मुलीला स्टेजवर बोलावलं. ती गेलीसुद्धा. शाल तिच्याच खांद्यावर पडली आणि अजून तिच्याच कपाटात आहे. येण्या-जाण्याचं भाडं वजा जाता हातात साधारण ३,००० उरले. पण त्या दिवशी शेजारी बसलेल्या एका निवृत्त बँकवाल्या आजोबांनी जे सांगितलं ते त्या ५,००० पेक्षा किती तरी महाग होतं. ते म्हणाले, "बाळ, काहीही कर, पण कर्ज चार लाखांच्या वर नेऊ नकोस."

कारण असं. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. तारण मागायचं नाही हा तर रिझर्व्ह बँकेचा आदेशच आहे. ४ लाखांच्या वर गेलात की देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के रक्कम तुमची. साडेसात लाखांच्या वर गेलात की घर, जमीन, ठेव असं काहीतरी ठोस गहाण. मी तिथेच प्रशस्तिपत्राच्या पाकिटावर बेरीज केली. फी तीन वर्षांची १,४४,०००. खोली आणि जेवण महिना ६,००० धरून २,१६,०००. पुस्तकं, लॅपटॉप वगैरे किरकोळ खर्च एकूण फीच्या २० टक्क्यांपर्यंत धरता येतो, म्हणजे २८,८००. एकूण ३,८८,८००. बसलं.

आता बँक. गावाजवळची राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा, जिथे माझं जनधनच्याही आधीपासूनचं खातं होतं. मॅनेजर बोलायला चांगला माणूस, पण शैक्षणिक कर्ज म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलायचा. पहिलं वाक्य, "दुसरी डिग्री कशाला?" दुसरं वाक्य, "सातबारा घेऊन या."

आमचा सातबारा त्याने पाहिला असता तर मागितला नसता. आजोबांच्या नावावरून उतरत उतरत त्यावर १९ नावं आहेत. त्यातले दोघे मयत, त्यांची वारसनोंद झालेली नाही. एक आत्या बडोद्याला, बाकी चुलते लालबाग, विरार, डोंबिवलीत. इतर हक्कात सोसायटीचा बोजा. गहाणखताला एवढ्या सह्या हव्यात तर सगळे गावी यायला गणपती उजाडावे लागतात, आणि गणपतीत जमिनीचा विषय काढायचा नसतो. काढला तर आरतीला माणसं दोन गटांत उभी राहतात. शिवाय शेतजमीन गहाण घेऊन बँकेला तरी काय मिळणार? थकलेल्या कर्जाची मालमत्ता कोर्टात न जाता जप्त करण्याचा जो सरफेसी कायदा २००२ साली आला, तो शेतजमिनीला लागूच नाही. हे मॅनेजरलाही माहीत होतं. मला वाटतं सातबारा मागणं हा नकाराचा सभ्य प्रकार होता. समोरचा तो आणू शकणार नाही याची कोकणात खात्रीच असते.

बाबांचं म्हणणं वेगळं. कर्जाला त्यांची ना नव्हती. "सह्यो व्हयत तितक्यो घे, पण बागेचा नाव काढू नको."

मी शैक्षणिक कर्जाच्या विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज टाकला. तेव्हा एकच अर्ज भरून तीन बँकांकडे पाठवता यायचा. त्याचा खरा उपयोग मला वेगळाच झाला: अर्जाला क्रमांक आणि तारीख मिळाली. टेबलावरच्या कागदाला तारीख नसते. मग रिझर्व्ह बँकेच्या सूचनेची प्रत काढून मॅनेजरसमोर ठेवली आणि वकीलसाहेबांच्या ऑफिसात दहा वर्षं काढलेल्या बाईला शोभेल असं पत्र सोबत जोडलं. त्यात भांडण नव्हतं. 'अर्ज नामंजूर असल्यास कारणासह लेखी कळवावे' एवढी एकच ओळ होती. योजनेप्रमाणे शाखेला परस्पर नाही म्हणता येत नाही, नकाराला वरिष्ठ कार्यालयाची संमती लागते. नाही म्हणायला हो म्हणण्यापेक्षा जास्त कागद लागतात हे एकदा दाखवून दिलं की बोलणं मऊ होतं.

तरी फाईल हलेना म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांच्या कामाचा मेळ घालणाऱ्या बँकेच्या, कार्यालयात गेले. तेव्हा एसटीचा संप सुरू झाला होता. सहा आसनी रिक्षात अकरा माणसं, दोन कोंबड्या आणि मांडीवर माझी फाईल. कणकवलीपर्यंत एक, पुढे दुसरी. तिथल्या साहेबांनी फाईल चाळली, शाखेला माझ्यासमोर फोन लावला आणि इतकंच म्हणाले, "अहो, चार लाखांच्या आतलं आहे ना ते?" पुढे फाईल चालू लागली. ज्यांना कोणाला शाखेत सातबारा मागतात त्यांनी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेचं कार्यालय कुठे आहे ते शोधून ठेवावं. लोकांना ते ठाऊकच नसतं.

सहकर्जदार कोण यावर गाडी पुन्हा अडली. लग्न झालेल्या अर्जदाराला नवरा, आईवडील किंवा सासूसासरे यांपैकी कोणीही चालतो. नवऱ्याचा पगार कमी असला तरी दरमहा खात्यात जमा होणारा, म्हणून पहिलं नाव त्याचं घातलं. त्याचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, काढला तर खाली घसरलेला. लॉकडाऊनमध्ये हप्त्यावर घेतलेल्या मोबाईलचा शेवटचा १,८०० रुपयांचा हप्ता राहिला होता. दुकान बंद, वसुलीवाला फिरकला नाही, हा विसरून गेला. त्या १,८०० रुपयांनी ३,८८,८०० अडवले. त्याने ते भरले, कंपनीकडून बाकी नसल्याचा दाखला आणला, पण सुधारलेला आकडा दिसायला वेळ लागतो आणि कॉलेजची मुदत तेवढी नव्हती. मग बाबांचं नाव आलं. आंब्याच्या उत्पन्नाला पगारदारासारखा फॉर्म सोळा नसतो. तलाठ्याचा अहवाल, त्यावर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सोसायटीचं पीककर्ज वेळच्या वेळी फेडल्याचा उतारा. हा शेवटचा कागद कोणी मागितला नव्हता, मी आपणहून जोडला, आणि मॅनेजरने सगळ्यात जास्त वेळ तोच वाचला.

सह्यांचा दिवस मला तासातासाने आठवतो. बाबांचा नमुना सहीचा कागद त्यांनी खातं उघडलं तेव्हाचा, म्हणजे माझ्या जन्माच्या आसपासचा. त्यावर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं पूर्ण, वळणदार, शाळेतल्या गुरुजींना दाखवण्यासारखं. आता कलमं बांधून आणि कोयता धरून उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. सही म्हणजे पहिलं अक्षर आणि पुढे एक ओढ. क्लार्क म्हणाली, "काका, जुळत नाही, परत करा." बाबा परत करायचे. प्रत्येक वेळी ती ओढ थोडी लांब व्हायची, कारण त्यांना वाटायचं लांबी कमी पडतेय. शेवटी क्लार्कनेच नवीन नमुना कार्ड काढलं, फोटो लावला, अंगठाही घेतला आणि म्हणाली, "आता ही तुमची सही." बाबा खूश. बाहेर येऊन म्हणाले, इतक्या सह्या लग्नातही केल्या नव्हत्या.

कर्जाबरोबर विमा घ्या असं बँक सांगतेच. सक्तीचा आहे का असं विचारलं तर नाही म्हणतात, पण आवाज हळू करून. मी घेतला. मला काही झालं तर हप्ते बाबांच्या मागे लागले असते, आणि बाग नाही म्हटलं तरी सहकर्जदार म्हणून देणं त्यांचंच. आणखी एक कागद लागला तो कॉलेजचा: प्रवेश सीईटीच्या गुणांवर झालाय, व्यवस्थापन कोट्यातून नाही, असं पत्र. संस्थास्तरीय फेरी म्हटलं की बँकेला डोनेशनचा वास येतो. हे पत्र प्रवेशाच्या दिवशीच मागून ठेवलं तर मधले आठवडे वाचतात.

मंजुरी येईपर्यंत फीची तारीख टळून गेली असती. लग्नातल्या पाटल्या आणि एक चेन तालुक्याच्या सहकारी बँकेत तारण ठेवली. सोन्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज तेव्हा मिळायचं, मी ५०,००० उचलले. खिडकीवर वजन, कस, पावती, अर्ध्या तासात पैसे. शैक्षणिक कर्जाच्या फाईलचा ढीग बघून आलेल्या माणसाला तिथे रडू यायचं तेवढं राहतं. शैक्षणिक कर्ज सुटल्यावर भरलेल्या फीची पावती दाखवून ती रक्कम माझ्या खात्यात घेतली आणि पाटल्या सोडवल्या. मात्र आधी भरलेली फी मंजूर रकमेतून परत मिळेल असं बँकेकडून लिहून घेतल्याशिवाय सोनं ठेवलं नव्हतं. बचत गटातूनही १५,००० मिळत होते. पण व्याज महिना शेकडा २, म्हणजे वर्षाला २४. गटातल्या बायका नाराज झाल्या, तरी मी नको म्हटलं.

खोलीच्या पैशाला बँकेने घरमालकाचं पत्र मागितलं. मालकीणबाई पत्र द्यायला तयार, पण भाड्याचा आकडा लिहायला तयार नाहीत, कारण मग घरपट्टीवाले बघतील. अखेर 'निवास व इतर सोयी' असा शब्द निघाला. त्या खोलीत आम्ही चौघी, मी सोडून सगळ्या बाविशीतल्या. तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलं घरून यायची, त्यामुळे ६,००० मधले थोडे वाचायचे आणि ते मी व्याजाला लावायचे.

या व्याजाविषयी जरा सविस्तर सांगते, कारण ओळखीतल्या बहुतेकांचं कर्ज इथेच फुगलं. शिक्षण चालू असताना आणि संपल्यावर एक वर्ष हप्ता नसतो. हप्ता नसतो, व्याज असतं. ते सरळ व्याजाने साचत राहतं आणि हप्ते सुरू होताना मुद्दलात जाऊन बसतं. मग त्या व्याजावरही व्याज. पहिल्या वर्षी मी १,३४,००० उचलले, दर ८.३ टक्के, मुलींना मिळणारी अर्ध्या टक्क्याची सूट धरून. महिन्याचं व्याज हजाराच्या आत. एवढं तर टायपिंगवर निघतं. शनिवार-रविवारी घरी आले की सर पानाच्या हिशेबाने काम द्यायचे, रात्री मुलगी झोपली की मी बसायचे. शाखेत पैसे भरायला गेले की खिडकीवरचा मुलगा म्हणायचा, "मॅडम, तुम्हाला आत्ता भरायचं नाहीये." मी म्हणायचे, "माहितीय, घ्या." एक-दोनदा त्याने ते मुद्दलात जमा केले, ते व्याजात वळवून घ्यायला अर्ज करावा लागला. तरी पासबुकावर नजर ठेवली, कारण शिक्षणकाळातलं व्याज पूर्ण भरत गेलं तर त्या काळापुरती १ टक्का सवलत बँक देऊ शकते. आमची देत होती.

२०२२ च्या मेपासून रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने पैसे देते तो, चढायला लागला. ४ टक्क्यांवरून वर्षाच्या आत साडेसहा. माझं कर्ज रेपोला बांधलेलं, तेही ८.३ वरून १०.८ वर गेलं. तिसऱ्या वर्षी उचल पूर्ण होऊन ३,६४,००० झाली तेव्हा महिन्याचं व्याज ३,२७६. टायपिंगवर ते निघेना. मग वर्षाचे दोन भाग केले. जून ते फेब्रुवारी जमेल तेवढं मी, आणि राहिलेली बाकी मे महिन्यात बाबा, आंब्याचा दलालाकडचा हिशेब मिटला की. वाशीच्या दलालाची पट्टी आणि बँकेचं व्याजाचं पत्रक बाबा शेजारी शेजारी ठेवायचे आणि पेट्यांमध्ये हिशेब करायचे. "औंदा तुझ्या वकिलीक किती पेटी?" एका वर्षी बारा पेट्या लागल्या.

दर वर्षीची उचल आपोआप येत नाही. मागच्या वर्षाचा निकाल, कॉलेजचं फी मागणीपत्र, बोनाफाईड घेऊन जावं लागतं. विद्यापीठाचे निकाल वेळेवर लागत नाहीत हे बँकेला पटवणं हा एक वेगळा विषय आहे, तो इथे नको.

कर सवलतीचीही गंमत सांगते. शैक्षणिक कर्जावरच्या व्याजाला आयकराच्या तेव्हाच्या ८०ई कलमात आठ वर्षं वजावट मिळायची, रकमेला मर्यादा नव्हती. पण कर्ज ज्याच्या नावावर त्यालाच. माझं उत्पन्न कराच्या खाली, बाबांचं शेतीचं म्हणून करमुक्त. नवरा कर्जात नाहीच, आणि त्याचाही पगार कराइतका नाही. आमच्या घरात ८०ई भिंतीवर लावून बघण्यापुरतं.

निकाल ऑगस्ट २०२४ ला लागला. त्याच्या थोडं आधी, ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की वकील म्हणून नोंदणी करताना राज्याच्या बार कौन्सिलने अधिवक्ता कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेऊ नये: सर्वसाधारण उमेदवाराला ७५०, अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्याआधी सनद घेणाऱ्या माझ्या सीनियर मैत्रिणींनी किती हजार मोजले ते त्यांनी मला मोठ्या प्रेमाने ऐकवलं. मी सनदेसाठी बाजूला ठेवलेले पैसे बार परीक्षेच्या ३,५०० रुपये शुल्काला आणि काळ्या कोटाला गेले.

सनद घेतली आणि वकीलसाहेबांकडचा टायपिंगचा पगार थांबला. वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. मी त्यांच्याकडेच ज्युनियर म्हणून बसते, पण आता पगार नाही, सर देतील ते आणि माझ्या पक्षकाराने दिलं तर ते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ ला पत्रक काढलं, ज्युनियरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० विद्यावेतन द्यावं अशी शिफारस. आमच्या बाररूममध्ये ते मोठ्याने वाचलं गेलं. सगळे सीनियर मनापासून हसले. सरांनी त्या महिन्यापासून १,००० वाढवले, ते त्या पत्रकामुळे की हसू आवरेना म्हणून, देव जाणे. दुसरी पदवी घेतल्यावर पहिलं वर्ष हातात आधीपेक्षा कमी पैसे येतात, निदान वकिलीत तरी, आणि कर्जाचं एक वर्ष नेमकं त्यासाठीच असतं. ते कोणी कोर्स संपल्याचा आराम समजू नये.

हप्ते ऑगस्ट २०२५ पासून लागले. तोवर रेपो १ टक्का उतरला होता, माझा दर ९.८. मुद्दल ३,६४,०००, मुदत १० वर्षं, हप्ता ४,७७०. साचू दिलं असतं तर व्याजाचे लाखाच्या वर रुपये मुद्दलात जाऊन हप्ता ६,००० च्या पुढे गेला असता. मॅनेजर आता नवीन आहे. त्याने १५ वर्षांची मुदत सुचवली, हप्ता हलका होईल म्हणून. मी १० वरच ठेवली, कारण तरत्या दराच्या वैयक्तिक कर्जाला मुदतीआधी भरण्याचा दंड नाही आणि मे महिन्यात बाबा पेट्या मोजणारच आहेत. हप्त्याची तारीख मात्र ५ ची १५ करून मागितली. पक्षकार पैसे देतात ते तारीख पडल्यावर, आणि आमच्या कोर्टात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोणीच काही देत नाही.

सासूबाई अजून म्हणतात, "वकील झालंस, आता पयली आमच्याच घराची वाटणी करशीत, गो." वाटणी नाही, पण त्या दोन मयत काकांच्या वारसनोंदीचे अर्ज मी तलाठी कार्यालयात दिलेत. बडोद्याच्या आत्याची सही तेवढी यायची आहे. पोस्टाने पाठवते म्हणाली आहे.